ऊसतोडीला जाताना गाडीची बॅटरी कशी राखायची?



दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातून टोळ्या निघतात. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, आष्टी, सगळीकडं हेच चित्र. कुणी कोल्हापूर-सांगलीला, कुणी साताऱ्याला, सोलापूरला, पुण्याकडं, तर कुणी थेट कर्नाटकात बेळगावकडं. जाण्याआधी बाई घराची सगळी व्यवस्था लावते. धान्य कुठं ठेवायचं, शेळ्या कुणाकडं सोपवायच्या, म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं कुणाच्या भरवशावर ठेवायची, सगळं ठरतं. मोटरसायकल मात्र पडवीत उभी करतात, वरून जुनी चादर टाकतात आणि चावी खुंटीला अडकवतात.

पाच-सहा महिन्यांनी कारखान्याचा पट्टा पडतो. माणसं परत येतात, चावी लावतात, बटण दाबतात, आणि गाडी हूं की चूं करत नाही. गॅरेजवाला बघतो आणि म्हणतो, "बॅटरी बसली, नवी टाका." उचल फिटून हातात जे काही चार पैसे उरलेले असतात, त्यातले हजार-दीड हजार तिथंच जातात. पुढच्या हंगामानंतर पुन्हा तेच.

आज आपण या बॅटरीबद्दल बोलू. ती उभ्या गाडीत का मरते, तिला जिवंत ठेवणारा चार्जर कसा असतो, तो घेताना दुकानात काय विचारायचं, आणि मुळात तो प्रत्येक घरानं घ्यावा का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच सांगून टाकतो. आमच्या मते बहुतेक घरांना स्वतःचा चार्जर लागत नाही, गटात मिळून एक चांगला चार्जर पुरतो. असं का, ते आता बघू.

हा बायकांचा विषय आहे का?

गाडीची कामं पुरुषांची, असं आपण धरून चालतो. पण हंगामात घरी मागं कोण राहतं? पोटुशी बाई राहते, बाळंतीण राहते, लेकरांची शाळा सांभाळायला एखादी जाऊ राहते, सासू राहते. रात्री कुणाला कळा सुरू झाल्या, कुणाला पान लागलं, तर १०८ ला फोन करायचाच. पण गाडी येईपर्यंत उपकेंद्रातल्या सिस्टरला आणायला, रस्त्यापर्यंत माणूस न्यायला दारातली दुचाकीच कामाला येते. गावात गाडी चालवणारी एक तरी पोर किंवा पोरगा असतो, पण गाडी चालू झाली तर!

पूर्वीच्या गाडीला किक मारली की ती चालू व्हायची, बॅटरी नसली तरी निभायचं. आता तसं राहिलं नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासून बहुतेक नव्या गाड्यांमध्ये पेट्रोल विजेवर चालणाऱ्या पंपानं इंजिनात जातं. पुष्कळ गाड्यांना किकच नसते. बॅटरी पूर्ण उतरली की असला पंप चालत नाही. मोटरसायकल ढकलून, गिअर टाकून चालू करायचा उपायही अशा वेळी बहुतेकदा चालत नाही. आणि स्कुटी तर ढकलून चालू होतच नाही, तिची बनावटच तशी आहे. म्हणजे नवी गाडी आणि बसलेली बॅटरी, हे दारात उभं असलेलं लोखंड झालं.

उभ्या गाडीत बॅटरी का मरते?

बॅटरीला पाण्याचा रांजण समजा. बॅटरीवर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं, त्याखाली अँपिअर-अवर म्हणून एक आकडा असतो. किकवाल्या लहान गाडीला अडीच, बटणावर चालू होणाऱ्या नेहमीच्या गाडीला तीन ते पाच, बुलेटसारख्या मोठ्या गाडीला आठ किंवा त्याहून जास्त. हा आकडा म्हणजे रांजणाचं माप, त्यात किती पाणी मावतं ते. व्होल्ट म्हणजे पाण्याची पातळी. अँपिअर म्हणजे धार, किती जोरात पाणी भरतंय किंवा वाहतंय ते.

रांजण नुसता ठेवला तरी पाझरतो. बॅटरीचंही तसंच आहे. गाडी बंद असली तरी आतल्या आत चार्ज दर महिन्याला थोडा थोडा कमी होतो. उन्हाळ्यात हा पाझर वाढतो. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की पाझर साधारण दुप्पट होतो. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या शेडखाली उभ्या गाडीचं काय होत असेल, त्याचा अंदाज करा.

दुसरी गळती गाडीतल्या यंत्रांची. मीटरमधलं घड्याळ, इंजिनाचा लहानसा संगणक, चोरीचा अलार्म ही मंडळी चावी काढली तरी थोडा थोडा करंट पीत राहतात. हिशेब करून बघू. समजा एखाद्या गाडीत एक मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग, इतकाच करंट सतत जातो. दिवसाचे चोवीस तास, महिन्याचे तीस दिवस धरले तर महिन्याला जवळजवळ पाऊण अँपिअर-अवर झालं. पाच महिन्यांत साडेतीनच्या वर. चार अँपिअर-अवरची बॅटरी त्यातच रिकामी, पाझर तर वेगळाच!

रिकामी झाली तर पुन्हा भरू, असं कुणी म्हणेल. अडचण तिथंच आहे. या बॅटरीत शिशाच्या पट्ट्या आणि पातळ केलेलं गंधकाचं आम्ल असतं. फ्रान्समधल्या गॅस्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये अशी बॅटरी बनवली आणि आजही आपल्या गाड्यांत त्याच जातीची बॅटरी असते. चार्ज उतरतो तसा पट्ट्यांवर एक पांढरा थर बसतो. लगेच चार्ज केली तर तो विरघळतो. महिनोन्महिने तशीच पडू दिली तर थर कडक होतो. बोअरच्या पाण्याचा क्षार हंड्याला कसा बसतो? त्याच दिवशी घासला तर निघतो, वर्षभर साचला तर खरवडूनही निघत नाही. तसंच हे. म्हणून बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहू द्यायची नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं.

"रोज पाच मिनिटं चालू करत जा"

हा सल्ला घरोघरी मिळतो. मागं राहिलेल्या माणसाला सांगून जातात, "सकाळी उठून गाडी जरा चालू करत जा." यानं बॅटरीचं भलं होत नाही. बटण दाबून गाडी चालू करायला बॅटरीतून मोठा घोट जातो. तो भरून यायला गाडी चांगली पळावी लागते. जागेवर मंद चालणारं इंजिन थोडीच वीज तयार करतं. त्यात एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा इंजिन चालू असताना सतत लागलेला असतो, बंद करायचं बटणच नसतं. जमा झालेलं बरंचसं त्यात जातं. तेव्हा गाडी चालू करायचीच असेल तर आठवड्यातून एकदा वीस-तीस मिनिटं रस्त्यावर फिरवून आणायला सांगा. चालवणारं कुणी नसेल तर उगीच बटण दाबू नका.

राखणीचा चार्जर म्हणजे काय?

ज्या देशांत चार-चार महिने बर्फ पडतो तिथं लोक थंडीत मोटरसायकल झाकून ठेवतात. त्यांच्यासाठी असा चार्जर निघाला, की जो बॅटरीला लावून ठेवायचा आणि विसरून जायचं. आधी तो बॅटरी भरतो. पातळी साधारण साडेचौदा व्होल्टच्या जवळ गेली की धार कमी करतो. भरली की पातळी तेरा-साडेतेराच्या आसपास नुसती टिकवून धरतो. पाण्याच्या टाकीला बॉल कॉक बसवलेला असतो ना? टाकी भरली की नळ आपोआप बंद, पातळी उतरली की पुन्हा थोडं पाणी. तसं हे काम चालतं. डब्यावर 'फ्लोट', 'मेंटेनन्स' किंवा 'ऑटोमॅटिक' असे शब्द असतात.

साधा चार्जर म्हणजे बॉल कॉक नसलेला नळ. धार चालूच. बॅटरी भरली तरी तो ढकलतच राहतो, आतलं पाणी उकळल्यासारखं होऊन उडतं आणि बॅटरी कोरडी पडते. आपण सांभाळायला ठेवली आणि सांभाळणाऱ्यानंच मारली, असं होतं.

दुकानात विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न: हा १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीसाठीच आहे ना? हल्ली काही गाड्यांत लिथियम बॅटरी येते, तिला तिचाच चार्जर लागतो. विजेवर चालणाऱ्या स्कुटरच्या मोठ्या बॅटरीचा तर यात संबंधच नाही. तिला कंपनीनं दिलेला चार्जर सोडून दुसरा लावायचा नाही.

दुसरा प्रश्न: धार किती? सोपा नियम असा, की बॅटरीवरच्या अँपिअर-अवरचा दहावा भाग. चारच्या बॅटरीला ०.४ अँपिअर, पाचच्या बॅटरीला ०.५. म्हणून दुचाकीसाठी अर्धा अँपिअरच्या आसपासचा चार्जर चांगला. स्वयंचलित असेल तर एकपर्यंत चालतो, पण अडीचच्या लहान बॅटरीला तो नको. काही बॅटऱ्यांवर किती अँपिअरनं किती तास चार्ज करायची ते छापलेलंच असतं, ते वाचून घ्या. ट्रॅक्टरच्या किंवा चारचाकीच्या बॅटरीचा पाच-दहा अँपिअरचा चार्जर दुचाकीला लावू नका. रांजणात अग्निशमनच्या पाइपानं पाणी भरल्यासारखं होईल ते.

तिसरा प्रश्न: भरल्यावर आपोआप धार कमी होते का? दुकानदारानं डब्यावर लिहिलेलं दाखवलं पाहिजे. "होतं सगळं" एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही.

चौथा प्रश्न खास आपल्या गावांसाठी: लाईट जाऊन परत आली तर चार्जर स्वतःहून सुरू होतो का? काही चार्जरना प्रत्येक वेळी बटण दाबावं लागतं. रात्री दोनदा लाईट गेली तर सकाळी बॅटरी अर्धीच भरलेली मिळेल. बर्फाच्या देशातल्या गिऱ्हाइकाला हा प्रश्न सुचत नाही, आपल्याला तो पहिला सुचला पाहिजे.

पाचवा प्रश्न: विजेचा दाब किती ते किती चालतो? चार्जरच्या मागं 'इनपुट' म्हणून आकडे असतात. '१०० ते २४०' किंवा त्याहून रुंद पल्ला असेल तर मोटारी चालू असताना दाब कमी झाला तरी काम चालतं. नुसतंच '२३०' लिहिलेलं असेल तर दुसरा बघा.

सहावा प्रश्न: चिमटे उलटे लागले तर काय? लाल आणि काळा उलटसुलट झाला तरी चार्जर जळू नये, ठिणगी उडू नये, अशी सोय हवी. गटात दहा हात चार्जर हाताळणार, चूक कधीतरी होणारच.

सातवा प्रश्न: पार उतरलेली बॅटरी हा ओळखतो का? पुष्कळ स्वयंचलित चार्जर बॅटरीत अगदीच कमी व्होल्ट असेल तर चालूच होत नाहीत. आपल्याला वाटतं चार्जर बिघडला. किती व्होल्टपासून काम सुरू करतो, ते माहितीपत्रकात बघा.

आणि पक्कं बिल, वॉरंटीचं कार्ड हे मागून घ्यायचंच.

एक फसवा मार्ग सांगून ठेवतो. सेट-टॉप बॉक्सचा किंवा वायफायचा १२ व्होल्टचा अडाप्टर घरात पडलेला असतो, आणि बॅटरीही १२ व्होल्टचीच, मग जोडून का देऊ नये? कारण भरलेल्या बॅटरीची पातळी १२.७ असते. बारावर असलेली टाकी पावणेतेरावरची टाकी कशी भरणार? शिवाय त्यात राखणीची कसलीच सोय नाही.

सौरऊर्जेचंही कुणी विचारेल. पाच-दहा वॅटचं लहान पॅनल या कामाला पुरतं, पण त्याच्या मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. १२ व्होल्टचं म्हणून विकलेलं पॅनल कडक उन्हात मोकळं असताना वीसच्या आसपास व्होल्ट देतं. तसंच जोडलं तर बॅटरी जास्त चार्ज होऊन खराब होईल. पॅनल उन्हात आणि बॅटरी सावलीत, असं जमत असेल तरच हा विचार करा.

गटात एक पुरतो, तो कसा?

आता मुख्य गोष्ट. राखणीचा चार्जर महिनोन्महिने लावून ठेवायला बनवलेला आहे. पण आपली घरं हंगामात कुलूपबंद असतात. कुलूपबंद घरात विजेवर लावलेली कुठलीही वस्तू ठेवून जाऊ नका, चार्जर कितीही चांगला असो. दाब वाढला, वायर उंदरानं कुरतडली, वीज पडली, तर बघायला कोण आहे?

आणि त्याची गरजही नाही. पूर्ण भरलेली, गाडीपासून वेगळी केलेली, सावलीत ठेवलेली चांगली बॅटरी महिनाभरात फार उतरत नाही. महिन्यातून एक रात्र चार्जर लावला की ती पुन्हा भरते. हिशेब असा: चारची बॅटरी अर्धी उतरली असेल तर अर्धा अँपिअरच्या चार्जरला ती भरायला पाच-सहा तास लागतात. पूर्ण उतरलेली असेल तर नऊ-दहा. म्हणजे एका बॅटरीला एक रात्र. महिन्याच्या तीस रात्रींतल्या दहा लाईटच्या भानगडीत गेल्या असं धरलं, तरी एक चार्जर वीस बॅटऱ्या सांभाळतो.

पैशाचं बघू. समजा चार्जर दोन हजारांचा आहे आणि गटात आठ गाड्या आहेत. प्रत्येक गाडीमागं अडीचशे रुपये आले. बाराशेची एक बॅटरी जरी एक हंगाम जास्त टिकली तरी तिच्या घराचे पैसे निघाले. विजेचा खर्च नगण्य आहे. असा चार्जर साधारण दहा वॅट घेतो, दहा तास चालला तर युनिटचा दहावा भाग. तरीही ज्या घरी चार्जर असेल तिला गटानं महिन्याचे काही रुपये द्यावेत. तिच्या जागेचं आणि लक्ष देण्याच्या कामाचं मोल झालं पाहिजे.

व्यवस्था अशी लावा. गावात राहणारी एक सभासद बॅटऱ्या सांभाळेल. जाणाऱ्यांनी बॅटरी काढून, पुसून, तिच्यावर नाव लिहून तिच्याकडं द्यायची. वहीत नाव, दिल्याची तारीख, तेव्हाचे व्होल्ट आणि पुढं दर महिन्याला चार्ज केल्याची तारीख. जिथं गाडी वापरायची आहे, तिथं ती बॅटरी गाडीतच राहील. गाडी रोज फिरत असेल तर तिला चार्जरची गरजच नाही.

काढायची, लावायची, चार्ज करायची

आधी चावी बंद. मग काळी, म्हणजे वजा खुणेची वायर काढायची, त्यानंतर लाल, अधिक खुणेची. परत बसवताना उलट, आधी लाल आणि मग काळी. लाल वायर खोलताना पाना गाडीच्या लोखंडाला टेकला तर ठिणगी उडते, म्हणून हा क्रम पाळायचा. हातातल्या बांगड्या आणि अंगठी आधी काढून ठेवा, धातूनं दोन टोकं जोडली गेली तर भाजतं. बॅटरी कुठं आहे हे माहीत नसेल तर पहिल्या वेळी फिटरकडून दाखवून घ्या, सीटखाली किंवा बाजूच्या झाकणाआड असते. परत जोडल्यावर मीटरमधलं घड्याळ पुन्हा लावावं लागतं, तेवढंच.

चार्ज करताना बॅटरी लाकडी फळीवर, हवेशीर जागी, पडवीत ठेवा. चूल, गॅस, उदबत्ती, बिडी यांच्याजवळ नको. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघू शकतो, तो पेट घेणारा असतो. आधी लाल चिमटा, मग काळा, मग बोर्डाचं बटण चालू. काढताना आधी बोर्डाचं बटण बंद, मग चिमटे. बॅटरी हाताला चांगली गरम लागली, फुगली किंवा उग्र वास आला तर लगेच बंद करा. आधीच फुगलेली किंवा तडा गेलेली बॅटरी चार्जला लावायचीच नाही. लेकरांना लांब ठेवा. आम्ल अंगावर किंवा डोळ्यांत उडालं तर भरपूर साध्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा, आणि डोळ्यांत गेलं असेल तर धुऊन लगेच दवाखाना गाठा.

जिच्यावर झाकणं असतात त्या बॅटरीत पाणी खुणेच्या खाली गेलं तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचं नको, फिल्टरचं नको, आम्ल तर नकोच. जी बंद येते, तिच्यावर 'मेंटेनन्स फ्री' किंवा 'सील्ड' लिहिलेलं असतं, ती उघडायची नाही.

पातळी मोजायला शिकू या

चार्जरबरोबर गटानं एक मल्टिमीटर घ्यावा. साधा मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. काटा डीसी २० च्या खुणेवर ठेवायचा, लाल पिन लालला, काळी काळ्याला. चार्जर काढून काही तास झाल्यावर मोजा, लगेच मोजलं तर आकडा फुगलेला दिसतो. १२.७ च्या आसपास म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२ म्हणजे पाव. ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी. आकडा १२.४ च्या खाली गेला की तिचा नंबर लावा.

याच मीटरनं गॅरेजवाल्याशीही बोलता येतं. पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवलेली बॅटरी सकाळी १२.७ दाखवते आणि तरी गाडी चालू होत नाही, तर दोष दुसरीकडं असू शकतो. वायर ढिली असेल, फ्यूज उडाला असेल. आणि चार्ज करूनही सकाळी ती बाराच्या जवळ घसरत असेल, तर तिचं आयुष्य संपलं. मेलेल्या बॅटरीत कुठलाच चार्जर जीव ओतत नाही. मग नवी घ्या, पण तिच्यावरचा बनवल्याचा महिना आणि वर्ष बघून घ्या. दुकानात वर्षभर पडून असलेली बॅटरीही तितकीच पाझरलेली असते.

जुनी बॅटरी फेकू नका आणि अंगणात फोडणाऱ्याला देऊ नका. शिसं लेकरांच्या मेंदूला अपाय करतं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणं जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या आणि तिचे पैसे बिलातून वजा करून मागा.

पुढच्या बैठकीत

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा. कुणाच्या घरी कोणती गाडी आहे, बॅटरीवर अँपिअर-अवर किती लिहिलंय, हंगामात ती गाडी उभी राहणार की फिरणार, याची यादी करा. उभ्या राहणाऱ्या गाड्या पाच-सहाच्या वर असतील तर चार्जर घेण्याचा ठराव लिहा. त्याहून कमी असतील तर शेजारच्या गटाला विचारा, दोघींत मिळून घ्या. ज्या पोरीला गाडी चालवता येते तिला बॅटरी काढायला, लावायला आणि मीटर बघायला शिकवा. आणि चावी कुठं असते हे घरी राहणाऱ्या प्रत्येकीला माहीत असू द्या.

टोळी निघण्याच्या आदल्या आठवड्यात बाकीच्या कामांच्या यादीत हे एक काम वाढवा: बॅटरी भरली, काढली, नाव लिहून दिली. मग पट्टा पडल्यावर घरी आलात की पहिला खर्च लेकरांच्या कपड्यांचा असेल, गॅरेजचा नसेल.

जाणाऱ्यांनी सांभाळून जा, राहणाऱ्यांनी सांभाळून राहा. नमस्कार.